परसातल्या मिरचीचे बी : निवडीपासून रोपापर्यंत

मे महिन्यात गोव्यातील घराघरांत पुरुमेंताची लगबग सुरू झाली की सुक्या मिरच्यांची खरेदी होते. उन्हात पसरलेल्या मिरच्या पुन्हा एकदा खडखडीत वाळवून डब्यांत भरल्या जातात. डबा रिकामा होत आला की तळाशी पिवळसर, चपट्या बियांचा एक थर उरतो. बहुतेक घरांत तो केरात जातो. काही घरांत मात्र त्यातली मूठभर बी परसात टाकली जाते. त्यातील चार-दोन रोपे वर येतात, बाकीची येत नाहीत, आणि ‘बीच खराब होते’ असा निष्कर्ष निघतो. वास्तविक बी खराब असण्याची कारणे बरीच आधी, म्हणजे फळ झाडावर असतानाच घडलेली असतात.

हा विषय केवळ हौशी बागकामाचा नाही. काणकोण तालुक्यातील खोला गावच्या मिरचीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यानंतर पेडणे तालुक्यातील हरमलच्या मिरचीलाही ते लाभले. या दोन्ही मिरच्यांचे बी पिढ्यान् पिढ्या टिकले ते घराघरांतील निवडीमुळे. एखाद्या वर्षी बी जपले गेले नाही, तर त्या घरापुरता तो वाण संपतो. त्याची नेमकी प्रत पुढच्या वर्षी दुकानातल्या पाकिटात मिळत नाही.

मिरचीचा प्रवास आणि तिखटपणाचे स्थान

मिरची मूळची अमेरिका खंडातील. कोलंबसाच्या सफरींनंतर ती युरोपात पोहोचली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तोपर्यंत येथील स्वयंपाकात तिखटपणाचे काम मिरी, आले आणि पिंपळी करीत होती. ‘मिरची’ या नावातच मिरीची आठवण आहे. मिरीचा वेल वाढायला वर्षे लागतात. मिरचीचे झाड मात्र बी पेरल्यापासून काही महिन्यांत फळे देते आणि त्याच फळात पुढच्या हंगामाचे बी असते. इतक्या कमी काळात ती देशभर पसरली, त्यामागे ही सोयच होती.

मिरचीचा तिखटपणा बियांत असतो, ही समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. तिखटपणाचे कारण असलेले कॅप्सेसिन हे द्रव्य फळाच्या आतील पांढरट पडद्यात आणि गाभ्यात तयार होते. बी या गाभ्याला चिकटलेले असल्याने त्याच्या पृष्ठभागाला ते लागते, इतकेच. सस्तन प्राण्यांना हे द्रव्य झोंबते, पक्ष्यांना झोंबत नाही. सस्तन प्राण्यांच्या दाढांखाली बी भरडले जाते, तर पक्ष्यांच्या पोटातून ते अखंड बाहेर पडून दूरवर जाते. मिरचीच्या झाडाने आपल्या बियांसाठी वाहक निवडून घेतला आहे, असे म्हणता येईल. परसात न लावताही कुंपणाशी उगवलेले लवंगी मिरचीचे रोप बहुधा एखाद्या बुलबुलाची देणगी असते.

बी काढताना हाताला होणारी आग याच द्रव्यामुळे होते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून नुसत्या पाण्याने हात धुण्यापेक्षा आधी तेल चोळून मग साबण लावणे अधिक उपयोगी ठरते. हातमोजे घालणे सर्वांत चांगले. डोळ्यांना हात लागू देऊ नये आणि काम मोकळ्या हवेत करावे.

आधी झाड निवडावे, मग फळ

बियांसाठी फळ निवडताना साधारणपणे सर्वांत मोठी मिरची उचलली जाते. निवड खरे तर झाडाची करायला हवी. ज्या झाडाला भरपूर आणि एकसारखी फळे लागली, ज्याने पाऊस सोसला आणि ज्याच्या पानांवर चुरडामुरडा दिसला नाही, त्या झाडाला सुरुवातीलाच एक रंगीत धागा बांधून ठेवावा. त्याची पहिली काही फळे स्वयंपाकासाठी तोडण्याचा मोह टाळावा. शक्य असेल तर एकाच झाडावर न विसंबता चार-पाच चांगल्या झाडांचे बी एकत्र करावे. एकाच झाडाच्या बियांवर वर्षानुवर्षे वाण चालविल्यास त्यातील विविधता आक्रसत जाते.

फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावे. हिरव्या मिरचीतील बी दिसायला पुरते भरलेले वाटले तरी ते अपक्व असते आणि त्याची उगवण अत्यल्प होते. लाल झालेले फळ तोडल्यावर आठ-दहा दिवस सावलीत ठेवल्यास बियांची पक्वता आणखी सुधारते. काळे-करडे डाग पडलेली किंवा देठाकडून कुजू लागलेली फळे बाजूला काढावीत. फळकूज हा बुरशीजन्य रोग बियांतून पुढच्या पिढीत जातो. डागाळलेल्या फळातील बी पेरणे म्हणजे रोगासह पेरणी करणे होय.

येथे संकरित वाणाचा प्रश्न येतो. बाजारातील हिरवी मिरची बहुतेक वेळा संकरित बियाण्याची असते. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून झालेल्या पहिल्या पिढीत गुणांचा जो मेळ असतो, तो तिच्या बियांत टिकत नाही. पुढची पिढी विस्कळीत निघते. एका झाडाला लांब फळे, दुसऱ्याला आखूड, तिसऱ्याला कमी तिखट असा प्रकार होतो. अशा मिरचीचे बी उगवणारच नाही असे नाही. मात्र आईसारखे मूल मिळेल, ही अपेक्षा तेथे ठेवता येत नाही. देशी, सरळ वाणाचे बी राखणे म्हणूनच सार्थ ठरते.

शेजारच्या मिरचीचा परिणाम

मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे स्वपरागीभवन होते. परंतु मधमाश्या आणि इतर कीटक एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतात आणि परपरागीभवनही बऱ्याच प्रमाणात घडते. खोला मिरचीशेजारी कुंडीत ढोबळी मिरची लावली असेल, तर त्या वर्षीच्या फळांत काहीच बदल दिसणार नाही. बदल दिसेल तो त्या बियांपासून आलेल्या पुढच्या वर्षीच्या झाडांत. म्हणूनच चूक उशिरा लक्षात येते.

प्रमाणित बियाणे तयार करताना मिरचीच्या दोन वाणांत 200 मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी 400 मीटर अंतर ठेवण्याचा दंडक आहे. घराच्या परसात इतके अंतर मिळणे अशक्यच. त्यावर एक साधा उपाय आहे. कळ्या उमलण्यापूर्वी एका फांदीवर पातळ मलमलीची लहान पिशवी चढवून ती सैल बांधावी. फुले आतच उमलतात. दिवसातून एकदा फांदी हलकेच झटकली की पराग पडतो. फळ धरल्यावर पिशवी काढावी आणि त्या फळांच्या देठाला धागा बांधावा. बियांसाठी केवळ तीच फळे वापरावीत. एका फांदीवरच्या पाच-सहा फळांतून एका घराला पुरेल त्याहून अधिक बी मिळते.

काढणे, वाळविणे, साठविणे

पिकलेली मिरची उभी चिरून चमच्याच्या टोकाने बी खरवडून काढावे. काळपट, सुरकुतलेले आणि कागदासारखे पातळ बी वेगळे करावे. उरलेले बी कागदावर किंवा सुती कापडावर एका थरात पसरावे. प्लास्टिकवर पसरल्यास खालच्या बाजूस ओल राहते.

वाळविण्याची जागा सावलीची आणि वाऱ्याची असावी. मे महिन्यातील भर दुपारच्या उन्हात, विशेषतः पत्र्यावर किंवा सिमेंटच्या गच्चीवर, तापमान इतके चढते की ओल्या बियांतील अंकुर मरतो. तापमान 35 अंश सेल्सिअसच्या फार वर जाऊ न देणे, हा नियम लक्षात ठेवावा. पंख्याखाली आठवडाभरात बी वाळते. बी दुमडून पाहावे. वाकले तर ओल शिल्लक आहे, कटकन मोडले तर ते वाळले आहे.

वर्षभराच्या सुक्या मिरच्यांतील बी चालेल काय, हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. उन्हात वाळवलेली, देठासह अखंड असलेली आणि त्याच हंगामातील मिरची असेल, तर त्यातील बी पुष्कळदा उगवते. यंत्रात अधिक उष्णतेने वाळवलेल्या किंवा भाजलेल्या मिरचीतील बी उगवत नाही. खात्री करायची झाल्यास पुढे दिलेली चाचणी घ्यावी.

साठवणीत मुख्य शत्रू दोन : ओलावा आणि उष्णता. अमेरिकी बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी मांडलेला ठोकताळा असा की बियांतील ओलावा एका टक्क्याने घटला किंवा साठवणीचे तापमान 5 अंशांनी उतरले की बियांचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. गोव्याच्या पावसाळ्यात दोन्ही गोष्टी प्रतिकूल असतात. कागदी पुडीत ठेवलेले बी हवेतील दमटपणा शोषून घेते. म्हणून पूर्ण वाळलेले बी पुडीत घालून ती पुडी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावी. तळाशी कोरड्या भाजलेल्या तांदळाचा थर द्यावा. तांदूळ आधी पूर्ण थंड झालेला असावा. तो ओल शोषून घेतो. पूर्वी याच कामासाठी चुलीतील राख वापरीत. राख ओल शोषून घेते आणि किडीलाही अटकाव करते. बरणी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्यास उत्तम. बाहेर काढल्यावर मात्र ती लगेच उघडू नये. थंड बियांवर हवेतील बाष्प जमते. काही तास थांबून, बरणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढावे.

पुडीवर वाणाचे नाव, कोणाकडून मिळाले ते आणि महिना-वर्ष लिहावे. सगळ्या मिरच्यांचे बी सारखेच दिसते. आज स्मरणात असलेले नाव पुढच्या जूनमध्ये स्मरणात राहीलच असे नाही.

पेरणीपूर्वी परीक्षा

बी पाण्यात टाकून तरंगलेले फेकण्याची पद्धत मिरचीच्या बाबतीत फारशी विश्वसनीय नाही. सुके, हलके बी चांगले असूनही तरंगू शकते. त्याऐवजी वीस बिया मोजून ओल्या सुती कापडात ओळीने ठेवाव्यात, कापडाची सैल गुंडाळी करावी आणि ती डब्यात ठेवून जागा उबदार ठेवावी. कापड ओलसर असावे, त्यातून पाणी निथळता कामा नये. दिवसाआड उघडून हवा द्यावी. सातव्या दिवसापासून मोजणी सुरू करावी आणि चौदाव्या दिवशी अंतिम हिशेब करावा.

देशातील बियाणे प्रमाणकांनुसार मिरचीच्या बियांची किमान उगवण 60 टक्के असावी लागते. म्हणजे वीसपैकी बारा बिया रुजल्या तर घरचे बी बाजारातील किमान दर्जाच्या बरोबरीचे ठरते. सहा-सात रुजल्या तर दुप्पट-तिप्पट बी पेरून भागते. एक-दोनच रुजल्या तर वाण वाचविण्याची ती शेवटची संधी समजावी आणि उरलेले सगळे बी त्याच वर्षी पेरावे. घरच्या साठवणीत मिरचीचे बी साधारण दोन ते चार वर्षे टिकते.

चाचणीत बुरशीचे पांढरे जाळे दिसले, तर बीजप्रक्रियेकडे विशेष लक्ष द्यावे. सर्वांत सोपा आणि निर्धोक पर्याय ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीच्या भुकटीचा. शेतीसाठी किलोभर बियांना 4 ग्रॅम हे प्रमाण सांगितले जाते. घरच्या चमचाभर बियांना किंचित ओलसर करून चिमूटभर भुकटी चोळली तरी पुरते. नंतर बी सावलीत सुकवून पेरावे. त्यासोबत रासायनिक बुरशीनाशक वापरू नये, नाहीतर उपयुक्त बुरशीही मरते. दुसरा पर्याय गरम पाण्याचा : सुमारे 51 ते 52 अंश सेल्सिअसच्या पाण्यात बी अर्धा तास ठेवून लगेच थंड पाण्यात काढणे. यात तापमापक अनिवार्य आहे. दोन-तीन अंश अधिक झाले तर बी मरते, कमी झाले तर रोगजंतू वाचतात. जुन्या बियांना हा उपचार सोसत नाही. दुकानातून आणलेले गुलाबी किंवा निळसर रंगाचे बी औषध लावलेले असते. त्यावर पुन्हा प्रक्रिया करू नये आणि ते मुलांच्या हाती पडू देऊ नये.

पेरणीच्या आदल्या रात्री बी कोमट पाण्यात आठ ते बारा तास भिजवावे. त्याहून फार अधिक काळ भिजवल्यास बियांना प्राणवायू मिळत नाही.

पेरणी आणि पहिले दीड महिना

मिरचीचे बी रुजण्यास 25 ते 30 अंश तापमान अनुकूल असते. 15 अंशांखाली उगवण जवळजवळ थांबते. गोव्याच्या किनारी हवेत थंडीची अडचण क्वचितच येते. येथे रोपे मरतात ती बहुधा पाण्याच्या अतिरेकाने. रोप वर आल्यावर जमिनीलगत खोड बारीक होऊन ते आडवे पडते. ही ‘रोपे कोलमडण्याची’ व्याधी ओल्या, कोंदट मातीत वाढणाऱ्या बुरशीची आहे.

यासाठी ट्रेमध्ये परसातील माती जशीच्या तशी भरू नये. चाळलेले कंपोस्ट, कोकोपीट आणि थोडी नदीची वाळू असे हलके मिश्रण घ्यावे. तळाला छिद्रे असावीत. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरून वर मिश्रणाचा पातळ थर द्यावा आणि फवाऱ्याने पाणी घालावे. अंकुर दिसेपर्यंत कापड किंवा कागद झाकता येतो. अंकुर दिसताच तो काढून ट्रे भरपूर उजेडात न्यावा. उजेड कमी पडला तर रोपे उंच, फिकट आणि दुबळी होतात. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पृष्ठभाग सुकतो.

साधी मिरची एक ते दोन आठवड्यांत उगवते. भूत जोलोकियासारख्या अतितिखट मिरच्यांना तीन-चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. दहाव्या दिवशी ट्रे रिकामा करणाऱ्यांना त्या कधीच मिळत नाहीत.

पाच ते सहा आठवड्यांत रोपांना चार-सहा खरी पाने येतात आणि उंची वीतभर होते. स्थलांतराआधी आठवडाभर पाणी थोडे कमी करून रोपांना उन्हाची सवय लावावी. संध्याकाळच्या वेळी, निचऱ्याच्या मातीत किंवा किमान दहा-बारा इंचांच्या कुंडीत लावणी करावी. डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर पीक घ्यायचे असेल तर रोपवाटिका मेअखेरीस तयार होते. सपाट अंगणात आणि कुंडीत मात्र मुसळधार सरी ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी करणे अधिक सुरक्षित असते.

तेच बी नानाखेड्यात गेले तर

बियांना गावाची वेस नसते. महाकालाच्या दर्शनासाठी उज्जैनला जाणाऱ्या गोमंतकीयांना नानाखेडा परिसर तेथील बसस्थानकामुळे परिचित आहे. शिंद्यांच्या कारकिर्दीपासून माळव्यात मराठी कुटुंबांची वस्ती आहे. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेईपर्यंत उज्जैन हीच शिंद्यांची राजधानी होती. तेथील एखाद्या आप्ताच्या हाती गोव्याहून मिरचीच्या बियांची पुडी पडली, तर वरील सगळे वेळापत्रक बदलावे लागते.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, उज्जैनला साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. मे महिन्यात तेथे पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात गच्चीवरचा ट्रे करपतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरतो. गोव्यात चालणारी हिवाळ्याच्या तोंडावरची पेरणी तेथे उशिरा झाली तर बी मातीत नुसते पडून राहते. नानाखेड्यातील घरात पेरणीचा योग्य काळ म्हणजे जून, पहिल्या सरीच्या सुमारास, सावलीच्या जाळीखाली. दुसरी संधी फेब्रुवारीअखेर, थंडी ओसरल्यावर मिळते.

मातीही वेगळी. गोव्याची जांभी माती पाणी सोडते, माळव्याची काळी माती ते धरून ठेवते आणि सुकताना भेगाळते. त्या मातीत थेट बी पेरल्यास ते कुजते किंवा वरच्या कडक पापडीखाली अडकते. ट्रेमधील हलके मिश्रण तेथे अधिकच गरजेचे. याचा अर्थ तो प्रदेश मिरचीला प्रतिकूल आहे असा नव्हे. शेजारच्या निमाडातील खरगोन जिल्हा मिरचीच्या शेतीसाठी आणि बेडियाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथील शेतकऱ्यांनी वाण आणि वेळ आपापल्या हवेनुसार बसविली, एवढाच त्याचा अर्थ.

बी आपले, नाव गावाचे

नानाखेड्यात उगवलेल्या त्या झाडाच्या मिरच्या ‘खोला मिरची’ म्हणून विकता येतील काय? नाही. भौगोलिक मानांकनाचा कायदा 1999 चा असून तो 2003 मध्ये अमलात आला. तो नावाचे रक्षण करतो. ते नाव ठरलेल्या प्रदेशात पिकलेल्या मालालाच लावता येते. बी कुंडीत लावून घरी खाण्यास कोणतीही आडकाठी नाही. गोव्याच्या बाजारातही परराज्यातील मिरची स्थानिक नावाने विकली गेली, तर नुकसान डोंगरावर राबणाऱ्या उत्पादकाचेच होते. ग्राहकाने खरेदीच्या वेळी चौकशी करणे हाही त्या कायद्याला हातभारच.

दुसरा कायदा 2001 चा, वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्कांचा. स्वतःच्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही शेतकऱ्याचा हक्क त्यात मान्य केला आहे. संरक्षित वाणाचे बी नाममुद्रा लावून विकण्यास तेवढी मनाई आहे. म्हणजे शेजारणीच्या हातावर मूठभर बी ठेवण्याची जुनी रीत कायद्यालाही मंजूर आहे.

या रीतीचे व्यावहारिक मोल मोठे आहे. एका घरातील बरणी ओली झाली, एखाद्या वर्षी रोग आला किंवा पेरणी चुकली, तरी तेच बी आणखी तीन घरांत असेल तर वाण वाचतो. म्हणून यंदा बी काढताना त्याचे तीन भाग करावेत : एक पेरण्यासाठी, एक बरणीत राखण्यासाठी आणि एक दुसऱ्या घरी देण्यासाठी. मानांकनाने मिरचीचे नाव राखले आहे. तिचे बी राखण्याचे काम अजूनही परसातच करावे लागते.